पिंप पडलं वरून, जाब मालकाला!

इमारतीच्या सज्ज्याचा तुकडा डोक्यात पडला, ओल्या जिन्यावर पाय मोडला, की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: ‘नशिबात होतं.’ कायदा मात्र फार जुन्या काळापासून वेगळंच विचारतो. जागा कोणी बांधली, कोणाच्या ताब्यात होती?

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायदा सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. घर कोसळून घरधनी मेला, तर बांधणाऱ्याला थेट मृत्युदंड! नुसतं सामान नासलं, तर त्याची भरपाई द्यायची आणि घरही स्वतःच्या खर्चानं पुन्हा उभारून द्यायचं.

रोममध्ये वरच्या मजल्यावरून रस्त्यावर काहीही भिरकावलं जाई. कोणी फेकलं ते सिद्ध करायची गरजच नव्हती. ज्याचं बिऱ्हाड, तो नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरणार. स्वतंत्र माणूस दगावला, तर ५० सुवर्णमुद्रा. आणि सर्वांत शहाणा नियम हा, की पडून कुणाला इजा होईल अशी वस्तू छज्ज्यावर ठेवली, तर ती पडण्याआधीच १० सुवर्णमुद्रा दंड! गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या मांडणाऱ्यांनी हा नियम जरूर वाचावा.

आता इंग्लंडमधलं लिव्हरपूल. रस्त्यानं निघालेल्या एका माणसावर गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप कोसळलं. निष्काळजीपणाचा पुरावा काय, असा बचाव झाला. १८६३ साली न्यायालयानं सांगितलं, पिंपं अशी आपोआप पडत नसतात. घटनाच साक्ष देते!

तेच तत्त्व शंभर वर्षांनी दिल्लीत कामी आलं. चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला, माणसं मेली. दोष आत दडलेला होता, आम्हाला कसा दिसणार, असं पालिकेचं म्हणणं. पण मनोरा होता ८० वर्षांचा आणि तशा बांधकामाचं आयुष्य जेमतेम ४०–४५ वर्षं. वेळोवेळी तपासणी करणं हे मालकाचं कामच, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये पालिकेला जबाबदार धरलं. जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकानं हा निकाल लक्षात ठेवावा.

आणि जखमी झालेला चोर असला तर? अमेरिकेतल्या आयोवात एकानं ओसाड शेतघरात आपोआप उडणारी बंदूक लावली. जुन्या बाटल्या चोरायला शिरलेल्याचा पाय जायबंदी झाला. १९७१ मध्ये भरपाई मिळाली ती त्या चोराला, ३० हजार डॉलर!

अर्थात प्रत्येक दावा जिंकता येत नाही. मँचेस्टरजवळ १९४७ मध्ये एका फलंदाजाचा षटकार मैदानाबाहेर उभ्या बाईंना लागला. तीसेक वर्षांत चेंडू जेमतेम सहादा बाहेर गेला होता. एवढ्या क्वचित घडणाऱ्या धोक्यासाठी क्लबला दोषी धरता येणार नाही, असा अंतिम निकाल १९५१ मध्ये लागला. राजकोटमध्ये रस्त्यावरचं झाड पडून पादचारी गेला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये पालिकेवर जबाबदारी टाकली नाही. मला हा निकाल आजही पटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलासा दिला. रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये.

म्हणून कुणाच्या जागेत दुखापत झाली, तर डागडुजी होण्याआधी जागेचे फोटो काढा. बघणाऱ्यांची नावं-नंबर टिपून घ्या, दवाखान्याचे कागद सांभाळा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.