राजूरची गाठ, यवतमाळची सुई

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं राजूर कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जातं. तिथे काय किंवा इतरत्र काय, विशीतल्या मुलीच्या स्तनात गोटीसारखी सरकणारी गाठ हाताला लागली, की घरात आधी कॅन्सरचं नाव निघतं आणि मग ऑपरेशनचं. या वयातल्या बहुतेक गाठी फायब्रोअॅडिनोमाच्या, म्हणजे साध्या असतात. ऑपरेशनची धास्ती मात्र एके काळी अगदीच निराधार नव्हती.

१८८२मध्ये न्यूयॉर्कच्या टी. गेलार्ड थॉमस यांनी स्तनाखालच्या घडीत चीर देऊन गाठ काढण्याची पद्धत मांडली. व्रण झाकला जाई, चीर मात्र लांबच असे. ती आखूड झाली ती सुरी सुधारली म्हणून नव्हे, आतलं दिसू लागलं म्हणून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन वाइल्ड यांनी ध्वनिलहरींनी स्तनातल्या गाठी तपासल्या. पुढे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईने तुकडा काढता येऊ लागला. १९९०च्या दशकात व्हॅक्यूमची सुई आली. जागा बधिर करून काही मिलिमीटरच्या छेदातून पोकळ सुई गाठीखाली नेतात. व्हॅक्यूम गाठीचा भाग खाचेत ओढतो, आतलं पातं तो कापतं. असं करत अख्खी गाठ बाहेर येते, टाका बहुधा लागत नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००६मध्ये साध्या गाठींसाठी ही पद्धत मान्य केली.

त्याआधीच, २००१मध्ये, अमेरिकेत गाठ गोठवायला परवानगी मिळाली होती. गोठलेली गाठ शरीर काही महिन्यांत शोषून घेतं. नंतर तपासायला काही उरत नाही, म्हणून तुकडा आधीच तपासलेला हवा. झपाट्याने वाढणाऱ्या, फायलॉइड या कधी कधी कर्करोगी ठरणाऱ्या प्रकाराची शंका असलेल्या गाठीला मात्र शस्त्रक्रियाच.

महाराष्ट्रात सोनोग्राफी वेगळ्याच कारणाने गाजली. गर्भलिंग तपासणी रोखणारा देशातला पहिला कायदा इथे १९८८मध्ये झाला, केंद्राचा १९९४मध्ये. कायदा हवाच होता. पण यंत्र उचलून गावोगावी नेणं त्यामुळे अवघड झालं, आणि स्तनाच्या गाठीलाही तेच यंत्र लागतं.

सेवाग्रामला १९६९मध्ये, यवतमाळला १९८९मध्ये, चंद्रपूरला २०१५मध्ये मेडिकल कॉलेज आलं. राजूरच्या मुलीला व्हॅक्यूमच्या सुईपेक्षा जवळच्या कॉलेजातल्या तपासणीच्या सुईचा उपयोग जास्त. कारण तुकडा तपासून गाठ साधी ठरली, ती लहान असली आणि दुखत नसली, तर काढावीच लागते असं नाही. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून वाढ पाहतात. काही गाठी आपोआप आक्रसतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या समजापायी नेमकी हीच पहिली तपासणी लांबते.

लग्न ठरायच्या आत ‘एकदाची काढूनच टाका’ म्हणणारे नातेवाईकही असतात. व्रण नको म्हणून व्हॅक्यूम निवडावं, तर ती सोय बहुतांशी मोठ्या शहरांत, आणि महागडी सुई एकदा वापरून टाकून द्यायची.