प्रतीत्यसमुत्पादातील 'वेदना' आणि करुणा

तृष्णा हे दुःखाचे कारण आहे, असे दुसरे आर्यसत्य सांगते. ही तृष्णा कशी उपजते, याचे विवरण प्रतीत्यसमुत्पादात आढळते. 'प्रतीत्य' म्हणजे अवलंबून आणि 'समुत्पाद' म्हणजे उत्पत्ती. कोणतीही गोष्ट स्वतंत्रपणे उद्भवत नाही, हा या सिद्धान्ताचा गाभा होय.

अविद्येपासून जरामरणापर्यंतच्या बारा कड्यांपैकी सातवी कडी 'वेदना' व आठवी 'तृष्णा'. येथे मराठी वाचकाची गल्लत होण्याचा संभव असतो. आजच्या मराठीत वेदना म्हणजे यातना. मग यातनेतून हाव कशी उपजेल? परंतु पालीतील 'वेदना' हा शब्द 'विद्' (जाणणे) या धातूपासून आला असून त्याचा अर्थ 'अनुभूती' असा आहे. ती सुखद, दुःखद किंवा या दोहोंहून वेगळी असते. सुखद अनुभूती टिकावी, दुःखद टळावी, ही ओढ म्हणजे तृष्णा. अनुभूती टाळता येत नाही; मात्र सजग राहिल्यास तिच्यातून तृष्णा उपजू न देणे शक्य असते. म्हणूनच बुद्धविचाराला निराशावादी म्हणणे योग्य ठरत नाही.

करुणेचा अर्थही येथेच उलगडतो. दुसऱ्याचे दुःखही कारणांतूनच उपजते, हे ओळखले की त्याला दोष देणे किंवा त्याची नुसती कीव करणे अपुरे वाटू लागते. ते दुःख दूर व्हावे, ही इच्छा म्हणजे करुणा.

स्वयं-अध्ययन : आपल्याला राग आलेला एक प्रसंग घ्या. त्यातील अनुभूती कोणती आणि तृष्णा कोणती, ते पाच ओळींत लिहा.