तेर ते सोकोत्रा : २००० वर्षांपूर्वी समुद्रसफरीचं प्लॅनिंग कसं व्हायचं?

रील्सवर ती झाडं तुम्ही पाहिली असतील. वाऱ्याने उलटी झालेली छत्री कुणीतरी जमिनीत रोवून ठेवावी, तशी दिसणारी. खोडाला चीर दिली की लालभडक चीक गळतो, म्हणून त्यांना ड्रॅगन्स ब्लड ट्री म्हणतात. ही झाडं आहेत सोकोत्रा बेटावरची. अरबी समुद्राच्या पार पश्चिमेला, सोमालियाच्या जवळ असलेलं हे बेट येमेनचा भाग आहे. बेटाचा मोठा हिस्सा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे आणि २००८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

रीलखाली कुणीतरी मित्राला टॅग करून लिहितंच, "भावा, एकदा जायचंच."

पण जायचं कसं? कधी? या प्रश्नांचा विचार आपल्याकडे २००० वर्षांपूर्वीच झाला होता. त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची गोष्ट समजून घ्यावी लागेल.

तेरचा आणि समुद्राचा काय संबंध?

तेर म्हटलं की आठवतात ते संत गोरोबाकाका. तेरणा नदीच्या काठचं हे गाव. इथून समुद्र गाठायचा तर आधी पठार ओलांडायचं आणि मग सह्याद्री उतरायचा. तरीही या गावाचं नाव जहाजांवर फिरणाऱ्या माणसाने लिहून ठेवलंय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक ग्रीक पुस्तक लिहिलं गेलं. लेखकाचं नाव त्यात नाही, पण तो इजिप्तमधून व्यापार करणारा माणूस असावा. कोणत्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठे धोका आहे, कोणत्या महिन्यात निघायचं, हे सगळं त्यात आहे. थोडक्यात, त्या काळातलं ट्रॅव्हल गाईड.

त्यात 'तगर' नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख येतो. हे तगर म्हणजे नक्की कोणतं गाव, यावर बराच वाद झाला. कुणी जुन्नर म्हणालं, कुणी दौलताबाद. शेवटी १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर, असं मांडलं आणि ते मान्य झालं. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू पाहिल्या की त्या काळातल्या वैभवाचा अंदाज येतो. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साधर्म्य असणारी मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात मिळाली आहे. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे आपल्याकडच्या वस्तू त्याआधीच तिथे पोहोचल्या होत्या.

जवळचं बंदर सोडून लांबचं का?

तेरहून जायचं ते कापड. साधं जाडंभरडं आणि तलम मलमलही. पेरिप्लस सांगतो की भडोचपासून पैठण २० दिवसांवर आणि पैठणपासून तेर आणखी १० दिवसांवर. म्हणजे तेरचा माल गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, महिनाभर प्रवास करून भडोचला पोहोचायचा.

आता तुम्ही म्हणाल, नकाशात तर कल्याण भडोचपेक्षा जवळ दिसतंय. मग एवढा वळसा कशाला?

कारण राजकारण. कल्याण आधी चालू बंदर होतं. पण पुढे सत्ता बदलली आणि तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलंच, तर पहारा लावून ते भडोचला नेलं जायचं, असं पेरिप्लसमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे नुसता नकाशा बघून चालत नव्हतं. बंदर कुणाच्या ताब्यात आहे, हे बघावं लागायचं.

भडोचही सोपं नव्हतं. नर्मदेचं मुख सापडायला अवघड, पाणी उथळ आणि भरतीचा लोंढा असा की जहाज आडवं व्हावं. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणायचे.

तारीख ठरवायचा वारा

शिडाच्या जहाजाला इंजिन नसतं. वारा नेईल तिकडे जायचं. अरबी समुद्रात मात्र हा वारा वेळापत्रक पाळतो. जून ते सप्टेंबर तो नैर्ऋत्येकडून म्हणजे आफ्रिकेकडून भारताकडे वाहतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च तो ईशान्येकडून, म्हणजे भारताकडून आफ्रिकेकडे वाहतो.

म्हणून इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघायची, पावसाळा सरता सरता आपल्याकडे लागायची आणि डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत परत फिरायची. ही तारीख चुकली की वर्ष गेलं.

आता तेरच्या व्यापाऱ्याच्या जागी बसून हिशेब मांडा. जहाज डिसेंबरात सुटणार. रस्ता ३० दिवसांचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक रुतणार, म्हणजे दसऱ्याआधी निघणं कठीण. मधे नदी, घाट, बैलांचा आराम आणि भडोचच्या बाजारातले सौदे. म्हणजे दसरा ते दिवाळी एवढीच निघायची खिडकी. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसालाही समुद्राचा वारा पाळावा लागायचा.

सोकोत्रावर कोण पोहोचलं?

पेरिप्लसमध्ये सोकोत्राही आहे, 'डायोस्कोरिडा' या नावाने. तिथे अरब, भारतीय आणि ग्रीक व्यापारी राहतात, भडोचकडून येणारी जहाजं तांदूळ, गहू आणि भारतीय कापड आणतात, दासीही आणतात आणि परत जाताना कासवाची पाठ नेतात, असं त्यात लिहिलंय. झाडातून थेंबाथेंबाने मिळणाऱ्या लाल रंगाचीही नोंद आहे. म्हणजे आज रील्सवर दिसणारं तेच झाड!

याचा पुरावा अगदी अलीकडे मिळाला. २००० च्या अखेरीस बेल्जियमच्या गुहा अभ्यासकांना सोकोत्रावरच्या होक गुहेत, आत खोल अंधारात, जुने लेख सापडले. त्यातले बहुतेक ब्राह्मी लिपीत आहेत. खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी आपली नावं लिहून ठेवली आहेत आणि काहींनी आपण भडोचचे, म्हणजे भरुकच्छचे असल्याचंही नोंदवलंय. परतीचा वारा सुटेपर्यंत त्यांना बेटावर थांबणं भागच होतं.

आज जायचं तर?

प्रश्न तेच आहेत. बंदर कुणाच्या ताब्यात आणि वारा कुठला?

पहिला प्रश्न आधी. येमेनमधल्या युद्धामुळे भारत सरकारने २०१७ मध्ये भारतीय नागरिकांच्या येमेन प्रवासावर बंदी घातली. विशेष परवानगीशिवाय गेलात तर पासपोर्टवर कारवाई होऊ शकते. सोकोत्रा मुख्य भूमीपासून लांब असलं तरी ते येमेनच आहे. तेव्हा कुणी टूरची जाहिरात दाखवली, तरी पैसे भरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. जून ते सप्टेंबर सोकोत्रावर इतका वारा असतो की पूर्वी या काळात बेटाचा बाहेरच्या जगाशी संपर्कच तुटायचा.

मग बेटावरचं राष्ट्रीय उद्यान बघायचंच नाही का? आपल्याकडे आहे की! अंदमानात वंडूरजवळ १९८३ मध्ये स्थापन झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात १५ बेटं येतात. मात्र नियोजन इथेही लागतं. वन विभागाची परवानगी आधी काढायची. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं पर्यटकांसाठी आलटून पालटून उघडतात, म्हणून आपल्या तारखांना कोणतं चालू आहे ते विचारायचं. प्लास्टिक नेता येत नाही. आणि तारखा डिसेंबर ते एप्रिलमधल्या धरायच्या, कारण मे महिन्यात पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो.

एवढं लांब नको असेल तर मालवण आहेच. तिथेही पावसाळ्याच्या तोंडावर पर्यटकांच्या होड्या बंद होतात. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात होडी घालत नाहीत, त्यामागेही हेच वाऱ्याचं गणित आहे.

म्हणून समुद्रावर जायचं ठरलं की तिकिटाचं ॲप नंतर उघडा. आधी कॅलेंडर बघा, मग परवानगी आणि मग तिथल्या कोळ्याला विचारा. तो 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका. भडोचच्या तोंडाशी आलेल्या ग्रीक जहाजांनीही स्थानिक कोळ्यांचंच ऐकलं होतं.