'कॅम', 'टीएस', 'डीव्हीडीरिप'... पायरेटेड सिनेमाच्या फाइलला अशी नावे का असायची?

'उडता पंजाब' १७ जून २०१६ रोजी प्रदर्शित होणार होता. मुंबई उच्च न्यायालयाने १३ जूनला एका कटसह त्याचा मार्ग मोकळा केला. पण प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच अख्खा सिनेमा इंटरनेटवर फुटला. पडद्यावर 'फॉर सेन्सॉर' अशी अक्षरे होती. प्रत कोणत्या टप्प्यावर चोरीला गेली, याचा तो माग होता. पायरसीच्या जगात हीच माहिती फाइलच्या नावातही दिलेली असायची.

नावात काय असायचे?
सिनेमाचे नाव, वर्ष, प्रत कुठून आली, व्हिडिओचा प्रकार आणि शेवटी ती फोडणाऱ्या गटाचे नाव. शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी टिंबे असत, कारण जुन्या सर्व्हरना मोकळी जागा चालत नसे.

अक्षरांचा अर्थ काय?
कॅम : थिएटरात बसून कॅमेऱ्याने केलेले चित्रण. प्रेक्षकांचा खोकलाही ऐकू येतो.
टीएस (टेलिसिंक) : चित्र कॅमेऱ्याचेच, आवाज मात्र थेट यंत्रणेतून घेतलेला.
टीसी (टेलिसिने) : फिल्मच्या रिळावरून यंत्राने केलेली प्रत.
स्क्रीनर : समीक्षक किंवा पुरस्कार समितीला पाठवलेली प्रत.
डीव्हीडीरिप : अधिकृत डीव्हीडीवरून काढलेली, सर्वांत स्वच्छ.
प्रॉपर : आधीच्या गटाची प्रत सदोष होती, ही नीट आहे, असा दावा.

७०० एमबीच का?
एका कोऱ्या सीडीत तेवढेच मावायचे. 'डिव्हएक्स' आणि 'एक्सव्हिड' या तंत्रांमुळे अख्खा सिनेमा त्यात बसू लागला. फूटपाथवर सीडी घेणाऱ्याला ही अक्षरे ठाऊक नसत. तो 'थिएटर प्रिंट आहे की ओरिजिनल?' एवढेच विचारायचा. प्रश्न मात्र तोच.

फटका कोणाला?
२०१६ मध्येच 'सैराट'चीही प्रत फुटल्याची तक्रार झाली होती. लालबागचे 'भारतमाता' असो वा दादरचे 'प्लाझा', मराठी सिनेमाचे गणित पहिल्या आठवड्याच्या गर्दीवर ठरते. तेव्हाच मोबाइलवर स्वच्छ प्रत आली, की तिकीट खिडकीवरची रांग आटते.

कायदा काय सांगतो?
२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानुसार चोरून चित्रण करणे किंवा अशी प्रत पसरवणे यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. दंड किमान तीन लाख रुपये आणि कमाल निर्मिती खर्चाच्या पाच टक्के.