स्टीलच्या कॅनला गंज का चढतो?

मंडळी, आपल्या गारगोटीकडं दुधाचा कॅन रोज धुतला जातो, तरी कधी तांबूस ठिपके दिसतात. ‘स्टेनलेस’ला गंज कसा, असं आपण विचारतो. तर त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा धरतो. लोखंडी तारेच्या घासणीचे कण मात्र पृष्ठभागात रुततात नि गंजतात. ब्लीचिंगचं पाणी साचलं तर बारीक खड्डे पडतात. म्हणून आधी साध्या पाण्यानं विसळावं (एकदम कढत घातलं तर दुधातली प्रथिनं चिकटतात), मग सोड्याच्या गरम पाण्यानं, नायलॉनच्या ब्रशनं घासावं. पुन्हा विसळून कॅन जाळीवर पालथा, झाकण वेगळं. ओल्या कॅनला झाकण लावण्याची सवय आम्हाला सगळ्यात वाईट वाटते. सकाळचं दूध त्यातच नासतं.