वयाच्या नावावर खपणारी दुखणी

घरातला कुत्रा जिना चढेनासा झाला, मांजर खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारेनासं झालं, की कुणीतरी म्हणतं, ‘आता वय झालं त्याचं.’ हे मायेनेच म्हटलेलं असतं. पण एकदा वय हे कारण ठरलं की पुढे तपासायचं काही उरत नाही, आणि ज्यावर औषध आहे असं दुखणं महिनोन्‌महिने तसंच चालू राहतं. म्हातारपण हा आजार नव्हे. म्हातारपणी आजार जास्त होतात हे खरं, पण त्यांतले कित्येक ओळखता येतात, बरेचसे आटोक्यात ठेवता येतात आणि वेदना तर बहुतेक वेळा कमी करता येते. आपली गफलत होण्यामागे निष्काळजीपणा नसून अनुभवाची उणीव आहे. रेबीज, डिस्टेंपर, 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो आणि रस्त्यावरची वाहनं यांतून वाचून दारातला कुत्रा म्हातारा होणं पूर्वी विरळाच. लसी, नसबंदी आणि घरातलं सुरक्षित जगणं यांमुळे आता बारा-चौदा वर्षांचे कुत्रे आणि सोळा-सतरा वर्षांची मांजरं सर्रास दिसतात. त्यांचं म्हातारपण सांभाळण्याची पिढीजात जाण मात्र आपल्याकडे नाही. म्हणूनच रूढ समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं

हा हिशेब सोपा आहे, पण चुकीचा आहे. एक वर्षाची कुत्री पिल्लांना जन्म देऊ शकते. सात वर्षांच्या मुलीशी तिची तुलना होऊच शकत नाही. कुत्र्यांची वाढ सुरुवातीला अतिशय वेगाने होते आणि नंतर तो वेग मंदावतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी 2020 मध्ये शंभराहून अधिक लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या, तेव्हाही हेच दिसलं. शिवाय सगळे कुत्रे एकाच गतीने म्हातारे होत नाहीत. ग्रेट डेनसारखा थोराड कुत्रा सातव्या-आठव्या वर्षीच म्हातारा असतो, तर त्याच वयाचा पॉमेरेनियन ऐन मध्यमवयात असतो. म्हणून पशुवैद्यक आता वयाचा एकच आकडा धरत नाहीत. त्या जातीच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वार्धक्य, असं मानतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मोठ्या जातीच्या कुत्र्याची नियमित तपासणी सहाव्या-सातव्या वर्षापासूनच सुरू व्हायला हवी. सातच्या पाढ्यावर विसंबलं तर एक तर ती उशिरा सुरू होते, नाहीतर लहान कुत्र्याला वेळेआधीच म्हातारा ठरवून त्याचा प्रत्येक आजार वयाच्या खाती जमा होतो.

गैरसमज : दुखत असतं तर ओरडला असता

सांध्यांचं जुनाट दुखणं ओरडून सांगितलं जात नाही. कुत्रा किंवा मांजर त्या दुखण्याभोवती आपल्या सवयी बदलत नेतं. कुत्रा उठताना वेळ घेतो, गाडीत उडी मारायचं सोडतो, फिरायला निघाल्यावर अर्ध्या वाटेतून परततो, आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतील म्हणून एका जागी बसून राहतो. मांजराच्या बाबतीत तर लंगडणंही क्वचितच दिसतं. ते उंचावर जाणं सोडतं, पाठीचा मागचा भाग चाटून साफ करत नाही, तिथल्या केसांच्या गुठळ्या होतात आणि ट्रेच्या कडेवरून पाय उचलणं जड गेल्याने ते ट्रेबाहेर शी-शू करतं. हे शेवटचं लक्षण तर हमखास हट्टीपणा म्हणून गणलं जातं. 2002 मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले गेले आणि त्यांतल्या 90 मांजरांच्या एक्स-रेत सांधे झिजल्याच्या खुणा सापडल्या. एक्स-रेतली प्रत्येक झीज दुखतेच असं नाही, हे मान्य. तरीही इतक्या मांजरांत झीज असताना दुखण्याची शक्यता मनातही न येणं ही आपल्या निरीक्षणातली त्रुटी आहे. मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे बारीक होणं, तोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी अशा पाच गोष्टी तीत पाहतात. ती मुख्यतः नव्याने उद्भवलेल्या, तीव्र वेदनेसाठी असली, तरी मांजराची वेदना दिसते आणि ती वाचता येते, एवढं तिने सिद्ध केलं आहे.

सांधेदुखीवर करण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि पहिला उपाय म्हणजे वजन आटोक्यात ठेवणं. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून एक दीर्घ अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं 11.2 वर्षं, शिवाय सांधेदुखीवरचे उपचारही पहिल्या गटाला बरेच उशिरा लागले. पोळीचा तुकडा, बिस्किट, दुधावरची साय हे लाड म्हणून दिलं जातं, त्याची किंमत गुडघे मोजतात. फरशीवर सतरंजी किंवा रबरी मॅट, भांडी थोडी उंचावर, मांजरासाठी कमी कडेचा ट्रे हे बिनखर्चाचे किंवा अल्पखर्चाचे उपाय आहेत. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकंही उपयोगी पडतात, पण घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची रासायनिक यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गिधाडांच्या मृत्यूंमुळे 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी घातलेलं औषध ते हेच डायक्लोफिनॅक. माणसांच्या औषधांच्या दुकानात मात्र ते आजही मिळतं.

गैरसमज : पाणी जास्त पिणं, वजन उतरणं, डोळे धुरकटणं हे सारं म्हातारपणाचंच

यांतलं एक खरोखरच बहुधा वयाचं असतं. सहा-सात वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि बाहुलीत निळसर धुरकटपणा दिसतो. तो मोतीबिंदू नसतो आणि त्याने नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू पांढरा, अपारदर्शक असतो, आणि कुत्र्यांत मधुमेहामुळे तो अगदी काही आठवड्यांतही वाढू शकतो. दोहोंतला फरक डॉक्टर डोळा तपासून सांगू शकतात. म्हणजे वयाने काहीच बदलत नाही असा दावा इथे नाही. वयाचं काय आणि आजाराचं काय हे तपासल्याशिवाय ठरवू नये, एवढंच म्हणणं आहे. वाढलेली तहान हा त्यातला सगळ्यांत दुर्लक्षित इशारा. तिच्यामागे मधुमेह असू शकतो किंवा मूत्रपिंडाचा आजार. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. म्हणून लघवीची घनता, रक्तदाब आणि वजन यांची आधीपासून नोंद ठेवण्याला मोल आहे. म्हातारं मांजर भरपूर खात असूनही वाळत चाललं असेल, तर थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत असण्याची शक्यता असते. असं मांजर चपळ आणि उत्साही दिसतं, त्यामुळे घरच्यांना ते उलट ठणठणीत वाटतं.

नसबंदी न केलेल्या कुत्रीची गोष्ट तर जिवावर बेतणारी असते. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती मलूल झाली, जेवण सोडून पाणी मात्र भांडं भांडं पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका आधी घ्यावी. स्वीडनमधल्या पशुविम्याच्या नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या जवळपास दर चार कुत्र्यांमागे एकीला दहाव्या वर्षापर्यंत हा आजार होतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक जणी वाचतात. ‘थकली आहे, पडून राहू दे,’ असं म्हणत काढलेले दोन दिवस मात्र महागात पडतात.

गैरसमज : रात्री भुंकणं, घरात घाण करणं हा हट्टीपणा

कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. त्यांच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. अल्झायमरच्या रुग्णांत साचतं तेच हे प्रथिन. ओळखीच्या घरात कोपऱ्यात अडकून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायचा प्रयत्न करणं, दिवसा झोपून रात्रभर येरझारा घालणं, घरच्या माणसांपासून अलिप्त होणं ही त्याची लक्षणं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 11-12 वर्षांच्या 28 टक्के कुत्र्यांत आणि 15-16 वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत असं किमान एक लक्षण आढळलं. अशा कुत्र्याला ओरडून किंवा मारून काहीच शिकवता येत नाही. त्याची भीती तेवढी वाढते. शिवाय स्मृतिभ्रंशाचं निदान शेवटी करायचं असतं. आधी सांधेदुखी, बहिरेपण, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि रक्तदाब तपासायला हवेत, कारण यांतलं प्रत्येक दुखणं अशीच लक्षणं दाखवू शकतं. स्मृतिभ्रंश बरा होत नाही, पण त्याची गती कमी करता येते. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगांत विशेष आहार, व्यायाम, सोबत आणि बुद्धीला चालना देणारे खेळ यांची जोड दिल्यावर शिकण्याची क्षमता अधिक टिकून राहिली. ठरलेल्या वेळा, रात्री मंद दिवा, फर्निचरची न बदललेली मांडणी यांनीही त्याचा गोंधळ कमी होतो.

गैरसमज : या वयात तपासण्या आणि भूल म्हणजे उगाच छळ आणि खर्च

या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. दवाखान्याची वाट, सुई, अनोळखी वास यांचा ताण म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांना होतोच. पण सहा महिन्यांतून एकदाचा तो ताण आणि रोजची न ओळखलेली वेदना यांची बरोबरी होत नाही. भुलेचंही तसंच. वय एवढ्याच कारणाने भूल नाकारली जात नाही; धोका ठरतो तो हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या स्थितीवरून, आणि ती आधी तपासता येते. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांमुळे जेवणं सोडलेलं मांजर दात काढल्यावर पुन्हा खाऊ लागतं. खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुराढोरांसाठी उभे राहिले. शहरातले खासगी उपचार महाग आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हे पर्याय आहेत, पण ते सर्वांच्या आवाक्यातल्या अंतरावर नाहीत. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. दर महिन्याचं वजन घरच्या काट्यावर होतं, पाण्याचं भांडं मोजून भरता येतं, जिन्यावरच्या चालीचं चित्रण मोबाइलवर होतं. ही माहिती हाती असली की डॉक्टरांना मोजक्या, नेमक्या तपासण्या सांगता येतात. आजार बळावल्यावर सलाइनवर ठेवण्याचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त असतो. निसर्गात कोण उपचार करतं, असंही विचारलं जातं. निसर्गात फार थोडे प्राणी म्हातारपण पाहतात. हे म्हातारपण आपण त्यांना घरात ठेवून दिलेलं आहे, तेव्हा त्याची जबाबदारीही आपली आहे.

गैरसमज : वेळ आली की ते आपणहून शांतपणे जाईल

मांजराला मरण कळतं आणि ते दूर निघून जातं, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आजारी मांजर लपतं, कारण अशक्त अवस्थेत आडोसा शोधणं ही त्याची उपजत वृत्ती आहे. झोपेत शांत मृत्यू काहींच्या वाट्याला येतो, पण मूत्रपिंड किंवा हृदय निकामी झालेल्यांचे शेवटचे दिवस अनेकदा मळमळीचे आणि धापा टाकण्याचे असतात. त्या काळात भावनेच्या भरात निर्णय होऊ नये म्हणून ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुकर्करोगतज्ज्ञांनी सात निकष मांडले : दुखणं, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेपर्यंत जगणं सुसह्य मानायचं. इंजेक्शन देऊन झोपवण्याबद्दल अनेकांना वाटतं, की त्यात वेदना होत असतील. गुंगीचं औषध देऊन मग भुलेच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि त्यानंतर हृदय थांबतं. ज्यांना धर्मश्रद्धेमुळे किंवा अहिंसेच्या निष्ठेमुळे हा मार्ग पटत नाही, त्यांच्या निर्णयाचा मान राखायलाच हवा. मात्र त्या निर्णयाबरोबर शेवटपर्यंत वेदनाशमन करण्याचं कर्तव्य अधिकच वाढतं. डोळ्यांसमोर सोसवत नाही म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याला लांब नेऊन सोडणं हा तर कोणत्याच निष्ठेत न बसणारा मार्ग. उपाशी-तहानेलं पडेल अशा जागी जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे.

या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : म्हातारपण ही एकसंध घसरण असून तिच्यात आपल्याला करण्यासारखं काही नाही. पुरावा वेगळं सांगतो. त्या घसरणीत वजन आहे, दात आहेत, सांधे आहेत, ग्रंथी आहेत, मेंदू आहे, आणि प्रत्येकाबाबत थोडंबहुत करता येतं. कुत्र्या-मांजरांना आपलं दुखणं बोलून सांगता येत नाही, म्हणून ते हेरण्याचं काम घरच्यांवर येतं. ‘वय झालं’ असं ठरवण्याआधी वजन, लघवी, रक्त, दात आणि सांधे एकदा तपासून घ्यावेत. काही निघालं तर उपचार करता येतील. काहीच निघालं नाही, तर हे खरोखर वयच आहे असं निश्चिंत मनाने म्हणता येईल.