इन्शुलीनरोध व कोशिकादाह
कोशिकांवर इन्शुलिनाचा अपेक्षित परिणाम न होण्याच्या अवस्थेस इन्शुलीनरोध म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे हे एक मूळ कारण असून त्याचा मंद, दीर्घकालीन दाहाशी निकटचा संबंध आहे.

इन्शुलीन कोशिकापटलावरील ग्राहीस चिकटले की, कोशिकेतील आयआरएस या प्रथिनांच्या टायरोसीन घटकांना फॉस्फेट गट जोडले जातात. हा संदेश क्रमाक्रमाने पुढे जाऊन ग्लुट-४ हे वाहक प्रथिन पटलाकडे सरकते व स्नायू आणि मेद-ऊतक यांत ग्लुकोज शिरते. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील कोशिकांना मात्र ग्लुकोजाचा प्रवेश रोखता येत नाही. तेथे ग्लुकोज वाढले म्हणजे कलकणूंत क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे अधिक निर्माण होतात आणि एनएफ-कॅपा-बी हा घटक दाहकारक जनुकांना चालना देतो. जेएनके यासारखी एंझाइमे आयआरएस प्रथिनांच्या सेरीन घटकांना फॉस्फेट जोडतात. त्यामुळे इन्शुलिनाचा संदेश क्षीण होतो. ग्लुकोज आणखी वाढते, दाह बळावतो व दुष्टचक्र सुरू होते. दृक्‌पटल, मूत्रपिंड व तंत्रिका यांच्या हानीस ही प्रक्रिया कारणीभूत होते.

पुष्कळदा या चक्राचा आरंभ मेद-ऊतकात होतो. तेथे जमलेल्या महाभक्षी कोशिका टीएनएफ-आल्फा व इंटरल्यूकिन-६ ही द्रव्ये स्रवतात. स्थूल उंदरांच्या मेद-ऊतकातील टीएनएफ-आल्फाचा इन्शुलीनरोधाशी असलेला संबंध १९९३ मध्ये दाखविण्यात आला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत राज्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होता. म्हणजेच केवळ वजनावरून भारतीय व्यक्तीतील धोक्याचा अंदाज करता येत नाही. याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा मेद व दाहदर्शक द्रव्ये ग्रामीण पुरुषांपेक्षा शहरी मध्यमवर्गीयांत अधिक आढळली.

व्यायामाने स्नायू आकुंचन पावत असता ग्लुट-४ इन्शुलिनावाचूनही पटलाकडे सरकते; म्हणून संदेशमार्ग बिघडलेला असतानाही व्यायाम उपयुक्त ठरतो. पोटावरील मेद घटविणे व रक्तातील ग्लुकोजावर वेळीच नियंत्रण ठेवणे यांमुळे हे दुष्टचक्र शिथिल होऊ शकते.